रक्तगट जुळला

राजापूर, १० फेब्रुवारी २०२४

चि. अनिल यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलावं तर हे शेजारीच पडलेले असतात, म्हणून पत्र. तुझ्या भावोजींची दोन्ही मूत्रपिंडं गेल्यापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला रत्नागिरी गाठतो. परत आल्यावर हूं म्हणायचंही त्राण त्यांच्यात नसतं. जन्मभर नांगर धरलेला माणूस आता पायरी चढताना खांब शोधतो.

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड देणारं कुणी घरचं असेल तर बघा. आमचा रक्तगट एकच निघाला! आणि आपले आबा लग्नाच्या वेळी पत्रिका जुळत नाही म्हणून अडून बसले होते. महिनाअखेरीस तपासण्यांना कोल्हापूरला जायचंय. सुई बघून पळणारा तू, सोबत येशील? यांना अजून बोलले नाही. नकोच म्हणतील.

योगिनीला आशीर्वाद. तुम्हा नवराबायकोंना आमची आठवण असू दे.
तुझी,
कमळाताई

लोटे, १७ फेब्रुवारी

ती. कमळाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कंपनीत रजा टाकली, येतो. मीच दिलं असतं गं, पण मला साखर आहे, डॉक्टर दारात उभं करणार नाहीत. योगिनी भावोजींपाशी राहील. तू यंदा शेताकडे फिरकायचं नाहीस, लावणी मी करणार. हसू नकोस, चिखल मीही तुडवलाय.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझा,
अनिल

राजापूर, ९ मार्च

चि. अनिल यास,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापुरात मला एकटीला आत बोलावलं, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. रिपोर्ट यायचेत असं तुला म्हटलं ते खोटं. माझीही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त कामातून गेलीत. लावणीत कंबर धरली की आम्ही दोघंही दुकानातली गोळी घ्यायचो, तेही त्यांनी विचारलं. पण त्यानेच झालं असं सांगता येत नाही म्हणाले.

योगिनीच्या तोंडून यांना तपासण्यांचं कळलंय. रागावले नाहीत. पावसाआधी बांध घालू म्हणतात. आता यांना काय सांगू?

तुझी,
ताई

लोटे, १६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ड्युटीला गेलोच नाही. भावोजींपासून लपवू नकोस. तुझी औषधं आजपासून सुरू कर, माझी शपथ आहे.

तुझा,
अनिल

राजापूर, २० एप्रिल

चि. अनिल यास,
अनेक आशीर्वाद.

मला सांगावं लागलंच नाही. पाडव्याला त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून बघितला. खळगा पडला, तो भरेना. "तुझंपण?" म्हणाले. मी मान डोलावली.

गेल्या दोन खेपा ते रत्नागिरीला गेले नाहीत. मी पाया पडले. "मला धरून किती फिरशील? अंगात उरलंय ते तुला पुरू दे," म्हणतात. तोंड सुजलंय, आडवं झालं की धाप लागते. फोनवर यांच्यासमोर हे बोलवत नाही; पत्र मिळताच निघून ये.

डॉक्टरांनी मला पाणी नीट प्यायला सांगितलंय. यांना दिवसाला जेमतेम दोन पेले. तरी भिंत धरत जातात, तांब्या भरून आणतात आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहतात. ओठ सुकलेले असतात त्यांचे. आज मी सगळा तांब्या पिऊन रिकामा केला, अनिल. त्यांच्यासमोर.

तुझी,
ताई