मखमलची यादी

२ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची! मुलाच्या घरात मला स्वतःची खोली मिळाली, तीही खिडकीसकट. खिडकीतून खालचं फाटक आणि समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, म्हणजे कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं हे खातं आता माझ्याकडे. नातीने ही वही दिली. म्हणाली, आजी, तुला काही काम नाही ना, मग तू रोज लिहायचं आणि मी चुका काढणार. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातली अर्धी चौथी गोवरात गेली. पण नातीला नाही म्हणायची माझी छाती नाही.

आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती चालत नाही, फिरते. शाळेतून आली की दारातून ओरडते, आजी, मी आले की नाही? आपण म्हणायचं, नाही! मग ती पुन्हा बाहेर जाते, दार ओढून घेते, बेल वाजवते आणि परत तेच. आज चार वेळा झालं. चौथ्यांदा मी आली आली म्हटलं, कारण हसून हसून मला खोकला लागला.

घरात मला धरून पाच माणसं. मुलगा, सून, भिंगरी, मी आणि सुनेची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई. त्या दोन वर्षांपासून इथे आहेत आणि बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची मोक्याची खुर्ची त्यांनी धरून ठेवलीय. डोक्याला इतकं तेल की उशीवर त्यांचा फोटो उमटतो. मला पाहिल्या पाहिल्या विचारलं, किती दिवस मुक्काम? मी म्हटलं, तुमचा हलेपर्यंत. दोघी हसलो. जमेल आमचं.

आणि सहावी मखमल, मांजर. तिच्याबद्दल नंतर, हात दुखला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नाव मखमल आणि पोट सोललेल्या कोंबडीसारखं. बिचारीने पोट आणि मागच्या मांड्या चाटून चाटून पार टक्कल केलंय. मानेवरून हात फिरवला तर खसखशीच्या दाण्यांसारख्या खपल्या लागतात. कान खाजवायला बसली की टेबलावरचे चमचे वाजतात. हनुवटी सोफ्याच्या कडेला घासते, दाराच्या चौकटीला घासते. माणसाला मात्र कधी घासत नाही, भिंगरी सांगत होती. माणसाच्या मांडीवर ती नुसती झोपते. आज माझ्या मांडीवर झोपली. मी दोन तास लघवीला उठले नाही.

मांजरांच्या दवाखान्याने बारीक फणी फिरवून पाहिलं, पिसवा नाहीत. खरवडून पाहिलं, बुरशी नाही. म्हणजे कसली तरी ॲलर्जी, आणि कसली ते शोधायची एकच रीत. एका वेळी एक गोष्ट घरातून काढायची. थांबायचं. रोज खाजेला दहापैकी मार्क द्यायचे. फरक पडला तर ती गोष्ट कायमची बाहेर. नाही पडला तर तिच्या ओळीवर काट मारायची, ती परत आणायची आणि पुढची काढायची. यादी फ्रिजवर लावलीय. पहिली ओळ, कोंबडी. एक तारखेपासून मखमलला दवाखान्याचे तपकिरी दाणे, दुसरं काही नाही.

मुलगा म्हणाला, आई, तिला काही देऊ नकोस हं. मी म्हटलं, मी कशाला देते?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हे पान टाचणी लावून बंद करणार. भिंगरीने बघायचं नाही.

दुपारी घरात मी आणि विहीणबाई, त्यातही त्या अर्ध्या, कारण खुर्चीत घोरत असतात. माझ्या दातांसाठी सून कोंबडी अगदी मऊ शिजवून ठेवते. मखमल येऊन समोर बसते. मागत नाही, ओरडत नाही, नुसती बघते. नव्या घरात पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आपण होऊन कोण आलं असेल तर ती. मग मी एक तुकडा देते. नखाएवढा. वाटीभर दिला असता तर गुन्हा. नखाएवढ्याने काय होतंय?

संध्याकाळी भिंगरी मार्क देते. आज आठ.

१ मार्च, रविवार

चार आठवडे झाले. कोंबडीच्या ओळीवर मुलाने पट्टी ठेवून सरळ काट मारली. फरक नाही. मी डाळिंब्या सोलायला घेऊन बसले, मान वर केली नाही.

दुसरी ओळ गालिचा. दवाखान्याची पांढरी गाडी येते म्हणे. आलीच. दोन माणसं, हातात पातळ मोजे, फार सभ्य. गालिचा गुंडाळून नेला. दहा दिवसांनी आणतील. विहीणबाई म्हणाल्या, धुऊन आणतील तर बरं, फुकटात.

११ मार्च, बुधवार

गालिचा आला. खाज आठच.

एक गंमत लिहिते. गालिच्यावर पाय ठेवला तर पायाला काही लागलंच नाही. मऊ नाही, खरखरीत नाही, गार नाही. वाटलं, गेले माझे पाय, म्हातारपण तळव्यातून शिरलं. म्हणून फरशीवर ठेवला, फरशी गार लागली. चहाच्या कपाला हात लावला, चटका बसला. म्हणजे बधिर मी नाही, गालिचा बधिर. रंग तोच, कडेचा डाग तोच. सुनेला सांगितलं तर म्हणाली, आई, तुम्ही ना!

तिसरी ओळ विहीणबाई! त्यांच्या तेलाचा संशय. तेल काढून भागणार नाही, माणूसच दहा दिवस बाहेर हवं. दवाखान्याला पाहुणखोल्या आहेत. त्या तर नटून बसल्या. मला म्हणाल्या, माझ्या खुर्चीत बसलात तर मांजराआधी मी बोचकारीन. गाडीत बसताना हात हलवला.

२१ मार्च, शनिवार

विहीणबाई आल्या. खाज आठ.

मी मुद्दाम त्यांच्या खुर्चीत बसून राहिले होते. म्हटलं, आता तोफ सुटेल. त्या आल्या, उभ्या राहिल्या. मी उठेपर्यंत उभ्याच. मग बसल्या. मी म्हटलं, काय हो, तिकडे जावई शोधलात का दुसरा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं घड्याळात पाहतात तसं.

तेलाचा वास नाही. कसलाच नाही. मी हात धरला. गालिच्यासारखा.

मखमल आली आणि त्यांच्या पायाला हनुवटी घासू लागली. कडेला घासते तशी.

२३ मार्च, सोमवार

चौथी ओळ माझा मुलगा. मी म्हटलं, तू नको जाऊस, विहीणबाईंना बघ काय झालंय. तो म्हणाला, थकल्यात त्या, आणि दहा दिवस मला सुट्टी, चैन. माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. लहानपणी मी त्याला मारायची तशी.

दवाखान्याचं एक पत्रक आहे, फ्रिजवर, यादीच्या मागे. बारीक अक्षर. भिंगरीला वाचायला सांगितलं असतं, पण आता मला ते एकटीने वाचायचंय. रोज दोन ओळी होतात. जोडाक्षरं आली की थांबते.

मखमलला तुकडा दिला. दुपार फार शांत असते.

२ एप्रिल, गुरुवार

मुलगा आला. खाज आठ. काट मारली. पट्टी ठेवून.

मी डोकं पुढे केलं, टपलीसाठी. तो बाजूने गेला.

सून लगेच गेली. तीच गाडी. भिंगरी विचारत होती, बाबा गुदगुल्या केल्या तरी हसत का नाहीत? मी म्हटलं, मोठी माणसं आतून हसतात. ती म्हणाली, आजी, तू पण आतून हसणार का? मी म्हटलं, मी नाही ग बाई, मला खोकला येतो.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. डाळ निवडली, दोन वेळा.

१२ एप्रिल, रविवार

सून आली. खाज आठ.

पत्रकाची शेवटची ओळ आज वाचून झाली. अक्षर अक्षर लावून तीन वेळा वाचली. अगदी नखाएवढा तुकडा दिला तरी चाचणी फुकट जाते आणि निकाल खोटा येतो. नखाएवढा. माझाच शब्द छापलेला.

म्हणजे गालिचा नव्हता. तेल नव्हतं. माझा मुलगा नव्हता.

रात्रीच्या जेवणाला सगळं सांगितलं. मीच देत होते, रोज, पहिल्या आठवड्यापासून. वाटलं, मुलगा ओरडेल. ओरड रे, मनात म्हणत होते. त्याने घास संपवला. उठून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, काट मारलेली आहे, आई. सून म्हणाली, यादीत मागे जायचं नसतं. विहीणबाई जेवत होत्या.

पुढची ओळ भिंगरी.

तिच्या जागी मी जाते म्हटलं. सून म्हणाली, तुमची ओळ तिच्यानंतर आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

परवापासून तुकडा बंद. पण अंगातलं जायला दिवस लागतात, पत्रकात आहे.

सकाळी कोणी उठायच्या आत भिंगरीचा हात धरून निघाले. पिशवीत तिचे कपडे, माझ्या गोळ्या. जिना उतरलो. गाडी जिन्याशीच उभी होती. मोजे घातलेला माणूस म्हणाला, आणून सोडलंत, बरं झालं.

आणून सोडलं. मी.

ती गाडीतून ओरडली, आजी, मी गेले की नाही? मी म्हटलं, नाही.

दार लागलं.

२० एप्रिल, सोमवार

खाज तीन.

मखमल पोट चाटत नाही. मानेवरच्या खपल्या गळल्या. टकलावर बारीक लव आलीय, हात फिरवला की कळतं.

मुलाने भिंगरीच्या ओळीला गोल केला. काट नाही, गोल. म्हणाला, सापडलं एकदाचं. सून बरं म्हणाली. दोघं आपापल्या जागी बसले.

फरक पडला की कायमची बाहेर. हे मला वाचून बघावं लागलं नाही.

मखमल माझ्या मांडीवर झोपली. किती मऊ झालीय.

२२ एप्रिल, बुधवार

रात्रभर हिशेब जुळवत होते. खाज आठ झाली तर गोल खोडतील. काट मारतील. ती परत येईल. परत येईल — पण कशी? विहीणबाई आल्या तशी?

नाही आली तरी तिकडे ती काय —

दुपारी कोंबडी काढली. मखमल समोर बसली. वाटीभर दिली. तिने सगळी खाल्ली आणि माझ्या बोटांचा वास घेत राहिली.

माफ कर ग. कोणाला म्हटलं, मलाच ठाऊक नाही.

२५ एप्रिल

खाज सहा. पुन्हा वाटी. नवी लव चाटून काढली तिने. माझ्यासमोर बसूनच चाटते.

२६ एप्रिल

आठ. मानेवर रक्त.

मुलाने गोल खोडला. पट्टी. काट. दवाखान्याला फोन. उद्या दुपारी आणतात.

खाली शेवटची ओळ. आजी. पुढे तारीख घातली, २८.

माझं काही नाही. मला काही वाटतसुद्धा नाही. फक्त उद्या दारातून —

२७ एप्रिल

तीन वाजले. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत बसलेय.

गाडी आली. फाटकाशी. मोजे घातलेली दोन माणसं, मध्ये ती. तेच बूट. फिरत नाहीये. चालतेय. — थकली असेल. प्रवास —

जिन्यावर पावलं ऐकू येतात. सारखी पडतात. एक. एक. एक.

मी मनात ठरवलंय. तिने विचारलं की एकदाही नाही म्हणायचं नाही. पहिल्यांदाच आली म्हणायचं. आली, आली, आली.

बेल.

सून उठली. कडी काढली. भिंगरी दारात आहे. बूट काढले, नीट लावले. — कधी लावत नव्हती —

इकडे बघतेय. तोंड अजून उघडलं नाही.

मखमल सोफ्यावरून उतरली. तिच्याकडे निघाली. हनुवटी पुढे —

बोल ग. ती पोचायच्या आत बोल. आजी, मी आले —