पुंडलिकरावांनी माझ्या नावावर ठेवलेले

मी, कुंताबाई पुंडलिकराव तितिरमारे, वय सहासष्ट, राहणार कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहवून घेत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे, कान तेवढा कमी झाला आहे. कोणाचे दडपण नाही. असते तरी मी ऐकले नसते.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती दुसऱ्या महायुद्धात बर्मात लढून आले आणि फौजेच्या पैशातून त्यांनी ते बांधले. माझे दीर आनंदराव तेव्हा म्हणाले, "दादा, बाईच्या नावानं घर केलं तं तुमचं काय राहीन?" हे म्हणाले, "मले राहाले जागा देईन ते." हे घर मुलगा खुशाल व सून पंचफुला या दोघांच्या नावे करावे. एकट्या खुशालच्या नावे करू नये.

कलम २. धानाच्या शेताच्या बांध्या खुशाल व मुलगी शोभा यांनी अर्ध्या-अर्ध्या घ्याव्यात. शोभाला चोळी-बांगडीवर वाटेला लावू नये. तिच्या वडिलांनी तिला पोहायला आणि झाडावर चढायला खुशालच्या आधी शिकवले होते.

कलम ३. उसाचा रस आटवायची लोखंडी कढई नात कुसुम हिची. खुशाल ती भंगारात द्यायची म्हणतो. ती काय कामी आली ते त्याने पाहिले नाही, तो त्या वेळी नागपूरला नोकरीवर होता, म्हणून इथे लिहवून ठेवते.

सन १९७४ च्या श्रावणात पंचफुला भरल्या दिवसांची असून, मी नको म्हणत असताना, रोवणीच्या बायांची शिदोरी घेऊन शेतावर गेली. बाया लवकर परतल्या, ही मागे राहिली आणि नाल्याला पूर आला. ती टेकाडावर अडकली. टेकाड बुडत चालले होते आणि डोंगा कोणाकडे नव्हता. यांनी गुळाच्या भट्टीवरची कढई गड्यांकडून उचलून आणवली, तिच्या कडीला दोर बांधला आणि बांबू घेऊन आत बसले. वय तेव्हा सत्तावन्न.

आनंदराव म्हणाले, "दादा, काहून जीव देऊन राहिले? कढईत बसून कोणी पूर पार करते का?"

"बर्मात याच्याहून लहान डोंग्यात बसलो होतो. तू दोर धर."

कढई भोवऱ्यात गरगर फिरली. मी काठावर उभी होते. टेकाडावरून कढईत बसून परत येताना पंचफुला म्हणाली, "मामाजी, मले भेव लागते." हे म्हणाले, "मलेही लागते. पाण्याकडं नको पाहू, मायाकडं पाह." हे तिनेच मला सांगितले. दुसऱ्या दिवशी कुसुम जन्मली.

कलम ४. फौजेचे जाड ब्लँकेट आनंदरावांना द्यावे. त्यांनी आयुष्यभर यांना प्रत्येक कामात अडवले, त्याचा राग माझ्या मनात होता. पण त्या दिवशी दोराने त्यांच्या तळहातांची सालटी निघाली, तरी त्यांनी दोर सोडला नाही. राग इथे संपला.

कलम ५. यांचे फौजेतले बिल्ले खुशालने ठेवावेत, पण काचेत बंद करू नयेत. हे स्वतः ते बिल्ले नातवंडांना खेळायला देत.

कलम ६. माझ्या अस्थी माझ्या माहेरी, नाकाडोंगरीच्या तळ्यात सोडाव्यात. कारण सांगते. सन १९८४ मध्ये हे शेवटच्या दुखण्यात असताना म्हणाले, "कुंता, एक गाव पाहाचं राहून गेलं."

"कोणतं?"

"तुयं माहेर. तिथं मी जावई म्हणून नुसता पाटावर बसलो. तू कुठं खेळत होती, ते काही पाहिलं नाही."

आम्ही एस.टी.ने गेलो. मी त्यांना तळ्याची पाळ दाखवली, मोहफुले वेचायची जागा दाखवली, जंगलातली वाट दाखवली. ते काठी टेकत, प्रत्येक ठिकाणी थांबून विचारत होते. उभ्या जन्मात त्या एका दिवशी मी पुढे चालले आणि ते माझ्या मागे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही : कुंताबाई पुंडलिकराव तितिरमारे

साक्षीदार :
१. वासुदेवराव मोटघरे, कोंढा
२. टेकचंद सेलोकर, कोंढा

स्थळ : कोंढा
दिनांक : १९ जानेवारी १९८६