पंख्याच्या आवाजाचं वर्णन

अमळनेर,
२१ नोव्हेंबर १९९९

प्रिय वैजू,

तुझ्या नवऱ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, ती रीतसर नोंदवून घे. गेल्या दिवाळीत त्यांनी मला लॅपटॉप दिला, व्याकरणाच्या टिपा त्यात उतरवा म्हणाले, इथवर ठीक. पण त्याचा पंखा आवाज करतोय असं कळवल्यावर जावईबापूंनी ह्यूस्टनहून मला प्रश्नपत्रिकाच धाडली. आवाज घरघरीचा की शिट्टीचा? सतत की थांबून थांबून? यंत्र उचललं की बदलतो का? तीस वर्षं मी संस्कृतचे पेपर तपासले. आता शाळेतून दमून आल्यावर मी परीक्षेला बसायचं, हे कोणत्या स्मृतीत सांगितलंय?

तरी उत्तरं लिहितो. आवाज पहिल्यांदा ऐकला तुझ्या आईने. तिच्या मते, कौलात चिमणी अडकावी तसा. शेजारच्या लताबाई मेथी निवडायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, छे, हे तर शिवणयंत्र. मेथी संपली तरी वाद संपला नाही. प्रत्यक्ष प्रमाण नसेल तिथे आप्तवाक्य चालतं असं मीच वर्गात शिकवतो, पण दोन आप्तांचं एकमत होईना, तेव्हा भाईदासला बोलावलं. हा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. लॅपटॉप त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण पंखा म्हटल्यावर आला.

त्याने आधी यंत्राकडे पाहिलं नाही, ते ज्यावर बसलं होतं त्याकडे पाहिलं. तुझ्या आईने लॅपटॉपला गादी शिवली आहे. मिक्सरला टोपडं, टीव्हीला पडदा, फोनला झालर. मग अमेरिकेच्या पाहुण्याला उघड्या टेबलावर कसं बसवायचं? गादी नव्या कापसाची, चांगली चार बोटं जाड. यंत्र तीत असं रुतायचं की खालची भोकंच बुजायची. भाईदास म्हणाला, “अक्का, याले सास लेवू द्या ना!” मग त्याने पेचकसाचं टोक यंत्राला लावलं, मूठ कानाला लावली आणि वैद्याने नाडी पाहावी तसे डोळे मिटले. “मोटर चांगली शे, गुरुजी. तिनी कापूस खायेल शे.” मूठ माझ्याही कानाला लावली. “ऐकू येस का?” मी मान डोलावून म्हटलं, येतं.

मागचं झाकण काढून त्याने चिमट्याने समईच्या वातीएवढा कापूस ओढून काढला. तुझी आई लगेच म्हणाली, हा माझ्या गादीचा नव्हे, सरकी काढायच्या जिनिंग गिरणीचा; या दिवसांत गावभर उडतोच की. भाईदासने झाकण बसवलं आणि चहा घेतला. आता यंत्र पाटावर बसतं, गादीवर मांजर झोपतं. आवाज गेला म्हणतात.

म्हणतात असं लिहिलं, कारण मला तो कधी ऐकूच आला नव्हता. पेचकस कानाला लावूनही नाही. जावईबापूंच्या प्रश्नांना मी जे लिहिलं ते सगळं दुसऱ्यांच्या कानांनी लिहिलं. पुरुषांचं बोलणं कळतं, बारीक आवाज निसटतात. गेल्या महिन्यात नववीतली पुष्पा चार दिवस हजेरी देत होती आणि मी तिला गैरहजर मांडत होतो. तिचे वडील शाळेत आले तेव्हा कळलं. दिवसभर लोकांच्या ओठांकडे बघत राहायचं आणि अंदाजाने हसायचं, याने माणूस किती दमतो हे तुला सांगता येत नाही. रविवारी तुझा फोन आला की मी “बरं आहे, बरं आहे” म्हणतो आणि आईकडे देतो. मागच्या वेळी तू तिला विचारलंस म्हणे, आबा रागावलेत का. नाही गं. ओठ दिसत नाहीत म्हणून देतो.

हे आईला अजून सांगितलेलं नाही. तुला आत्ता सांगतोय, कारण जानेवारीत तुम्ही याल. रेवा बोलायला लागली आहे असं तू लिहिलंस. दोन वर्षांच्या पोरीचा आवाज तो केवढा असणार. ती मागून मला हाक मारेल आणि मी पेपर वाचत बसून राहीन. दोनदा मारेल, तीनदा मारेल, मग मारायचं सोडून देईल. मला त्याचीच भीती वाटते.

तुझाच,
आबा