लाल चौकटीतलं नाव

मंगळवार, दुकान बंद केल्यावर

अजून डोकं ठिकाणावर नाही. कुणाचा मिक्सर दुरुस्तीला आला, कधी परत दिला, याची नोंद ठेवायला तीन सॉफ्टवेअर पाहिली आणि त्यातलं सगळ्यात साधं घेतलं. पहिलं गिऱ्हाईक अर्थात खानावळवाली मावशी. संपात बाबांची गिरणी सुटली, त्यांनी लालबागेत हे दुकान टाकलं, तेव्हापासून तिचा मिक्सर आमच्याकडेच.

नावाची चौकट लाल झाली. नाव भरल्याशिवाय पुढे जाईना. आणि मला नावच माहीत नाही! बाबांच्या जुन्या वहीतही नुसतं 'खानावळ मावशी'. तिच्या हातचं जेवून वाढलो मी, आणि कधी विचारलंसुद्धा नाही? छे!

फोन केला. "मावशी, तुझं नाव काय गं?"

ती म्हणाली, "नाव कित्याक व्हया तुका? मावशी लिव."

"कॉम्प्युटर ऐकत नाही गं."

"सुलोचना," ती हळूच म्हणाली आणि हसली. "माकाच परका वाटता रे."

नाव भरलं. चौकटीचा लाल रंग गेला. आणि सुलोचनाच्या खाली अक्षरं उमटली: नवीन ग्राहक.