आकाशपाळण्यातून समुद्र दिसतो

सोमवार, ३ मार्च

पुन्हा पार्क! न्हाव्याच्या दुकानापाशी चौघे उभे होते. मला पाहून त्यांनी बोलणं आवरतं घेतलं, त्यावरूनच विषय कळला. बंद काचकारखान्याच्या आवारात काल दोन माणसं तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघत होती म्हणे. झालं! मोजणी सुरू, म्हणजे पार्क आलंच!

कारखाना बंद पडल्यापासून हेच चाललंय. आधी बर्फाचं गाव होणार होतं. मग डायनोसॉरचं जंगल. आता पाण्याच्या घसरगुंड्या, बोगद्यातून धावणाऱ्या गाड्या आणि बारा मजली आकाशपाळणा. आणि प्रत्येकाला नोकरी! कुणाच्या तरी मेव्हण्याने नकाशा पाहिलाय. नकाशा कुठे आहे? मेव्हण्याकडे. मेव्हणा कुठे आहे? परगावी. बाजारात तुरी!

भोळेपणाचा मला राग नाही. वाट बघत बसण्याचा आहे. सगळं गाव न सुटणाऱ्या गाडीत जागा धरून बसलंय. उठलं तर जागा जाईल ना!

आणि त्यांच्यात माझा नवरा – डॉक्टर! औषधं देणारा नव्हे, कारखान्यातला फिटर. चालत्या मशीनवर लोखंडी सळईचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि दुखणं कुठे आहे ते अचूक सांगायचं. तेव्हापासून गाव त्याला डॉक्टर म्हणतं, मीही म्हणते. आता लोक पंप आणि मोटरी घेऊन दारात येतात, त्यावर आमचं घर चालतं. माझी शाळा मुलांअभावी बंद झाली. मी नुसती युनियनच्या हॉलात भाषणं करते.

त्याच्या जुन्या सुपरवायझरने शहरातल्या पंपघरात त्याच्यासाठी जागा धरून ठेवलीय. राहायला क्वार्टर. मलाही तिथे एखादी शाळा मिळेल. या महिनाअखेरपर्यंत हो म्हणायचं, बस्स. आणि हा म्हणतो, "बघू. पार्क येतंय ना."

गुरुवार, ६ मार्च

जेवताना त्याला ट्यूलिपच्या कंदांची गोष्ट सांगितली. एका कंदापायी घरंदारं विकणारी माणसं, आणि एका सकाळी कंद पुन्हा नुसता कंद! किती शतकांपूर्वीची गोष्ट, पण आपलीच. मन लावून सांगितली. घसा कोरडा पडला.

तो म्हणाला, "भाजी घे अजून."

पालथ्या घड्यावर पाणी.

रविवार, ९ मार्च

हॉल भरला होता. भिंतीला टेकूनसुद्धा माणसं उभी. अशा वेळी माझ्या अंगात काय येतं कोण जाणे – पायाखालचं स्टेज तापतं!

म्हटलं, तुम्हाला कुणी फसवत नाहीये. फसवायलासुद्धा कुणीतरी यावं लागतं, इथे कुणी आलेलंच नाही! कारखान्याची जागा कामगारांची आहे, मागायची असेल तर उद्या मोर्चा काढू, मी पुढे असेन. आणि मागायची हिंमत नसेल तर उठा, काम असेल तिथे जा. पण बसून राहू नका. मग पार्कचं एकेक वर्णन घेतलं आणि टर उडवली. घसरगुंड्या, बोगदे, सगळं. शेवटी म्हटलं, "आणि त्या बारा मजली पाळण्यातून समुद्रसुद्धा दिसेल, बरं का!" समुद्र इथून कुठल्या कुठे. हॉल हसून लोटपोट.

मग भरात जाहीर केलं – जे स्वतः करणार नाही ते मी तुम्हाला सांगणार नाही. महिनाअखेर मी आणि डॉक्टर हे गाव सोडतोय.

डॉक्टर नेहमीसारखा कर्ण्याजवळच्या खुर्चीत होता. त्याने मान खाली घातली. टाळ्या मात्र थांबेनात.

घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "मला विचारायचंस तरी."

खरं आहे. विचारायला हवं होतं. पण विचारून तो हो म्हणाला असता?

मंगळवार, ११ मार्च

कपाळावर हात मारून घ्यावा असा दिवस! दूध आणायला गेले तर दोघीजणी बोलत होत्या, पाळण्यातून समुद्र दिसणार आहे. मी विचारलं, कुणी सांगितलं? दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच वेडी. "तुम्हीच की, बाई. परवा हॉलात."

बाई विरोधात आहेत, तरी त्यांनासुद्धा कबूल करावं लागलं – असा त्याचा अर्थ लावलाय लोकांनी. संध्याकाळपर्यंत समुद्रापाठोपाठ बोटीही दिसू लागल्या होत्या. न्हावी म्हणाला, जरा धुकं नसलं की झालं.

इतकी वर्षं या अफवेशी भांडतेय. आज कळलं, तिला जेवूखाऊ मीच घालतेय! माझ्याइतकं नीट वर्णन दुसऱ्या कुणाला जमलं असतं?

शुक्रवार, १४ मार्च

सुपरवायझरचा फोन वाजत होता, डॉक्टर शेजारी बसून भिंतीकडे बघत होता. इतका हट्ट! मीच धावत जाऊन उचलला आणि "कळवतो" म्हटलं.

सोमवार, १७ मार्च

समोरची शिवणवाली आली होती. नवऱ्यामागे एकटीने घर ओढतेय. तिच्या बहिणीने दुसऱ्या गावी कपड्यांच्या कारखान्यात तिच्यासाठी शब्द टाकलाय. तिथे शाळा आहे. तिची पोर माझ्या वर्गात होती, गणितात वीज. शाळा बंद झाल्यापासून बटणं लावत बसलीय.

म्हणाली, माझं भाषण ऐकून तिने ठरवलं. घरमालकाला सांगितलं, भांडी पोत्यात भरली. पण उंबऱ्यावरून वळून विचारलंच, "बाई, तुम्ही नक्की जाताय ना? तुम्ही गेलात की मला धीर येईल."

मी म्हटलं, नक्की.

एक माणूस हलला! एवढ्या भाषणांनी एक घर! मला रडूच आलं. डॉक्टर आता नाही कसा म्हणतो तेच बघते.

शनिवार, २२ मार्च

लिहावं की नको. लिहिते. इथे नाही तर कुठे बोलणार.

दुपारी त्याने आमच्याच टाकीची मोटर उघडली होती. साफ केली, बसवली, सुरू केली. मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होती – दगडावर दगड घासावा तशी. मी मागच्या दारात आले. त्याने सळई टेकवली, कानाला लावली, डोळे मिटले. मग स्वतःशीच म्हणाला, "ठणठणीत."

मी म्हटलं, "ठणठणीत काय? केवढी खरखरतेय!" तो पाठमोरा होता. हत्यारं पुसत राहिला. मी पुन्हा म्हटलं. मग त्याचं खरं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही. तो पुसतच राहिला.

मी बटण बंद केलं. पायाखालची थरथर थांबली तेव्हा तो वळला. माझ्या तोंडाकडे पाहिलं – डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि खाली बसला.

म्हणाला, "कारखाना बंद झाला ना, तेव्हा सगळं शांत झालं. मला वाटलं, ती शांतता सगळ्यांनाच ऐकू येतेय."

सुपरवायझरला भेटायला म्हणून शहरात गेला होता, तेव्हा कान दाखवून आला. नसा गेल्यात. कानात यंत्र घातलं तर शब्दांपेक्षा गोंगाटच वाढेल. आणि पंपघरात रुजू होण्याआधी कानांची तपासणी असते, ती टळत नाही. इथे निदान हाताला थोडं कळतं, बाकी अंदाजाने सगळे भाग बदलतो. पण गावाला कळलं तर दारात एक पंप यायचा नाही. बहिऱ्या डॉक्टरकडे कोण येईल?

मी सुरू झाले. कायदा, हक्क, यात लाजण्यासारखं काय आहे, लाज त्या कारखान्याला वाटली पाहिजे, ज्याने कानांत घालायला साधा कापूस दिला नाही! तो हसला. "भाषणं मला येतात ऐकू. माईकवरची. बाकीचं तुझं काही येत नाही गं."

म्हणून तो प्रत्येक सभेला येतो. मी समजत होते, माझ्या विचारांसाठी.

शेवटी म्हणाला, "कुणाला बोलू नको. पार्कचं बरं आहे. पार्क म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

रविवार, २३ मार्च

न्हाव्याला त्याचा मुलगा शहरात बोलावत नाही. 'पार्क झालं की तोच येईल,' म्हणतो न्हावी. या वाक्याची मी भर सभेत नक्कल केलीय. टाळ्या घेतल्यात!

ज्याचं जळतं त्याला कळतं. मला कधी कळणार होतं?

आज गल्लीतून चालताना एकेका दाराकडे बघत होते. इथे काय झाकलं असेल? तिथे काय? एक अख्खं गाव एका पाळण्याआड उभं आहे, आणि मी आपली रोज तो पाळणा पाडायला निघते.

पण काही जणांना खरंच तो दिसतो. काही जण खरंच त्याच्यासाठी थांबलेत. त्यांचं काय?

बुधवार, २६ मार्च

एकटी गेले तर? लिहून पाहिलं. खोडणार नाही, पण जाणारही नाही. सुपरवायझरला नकार कळवला.

शुक्रवार, २८ मार्च

किराणा दुकानात गाठलंच सगळ्यांनी. ट्रक सांगितला का, सामान बांधलं का, गाव सोडणार ते कधी. मी गुळमुळीत काहीतरी म्हणत होते. गुळमुळीत – मी! न्हावी म्हणाला, बाईंचा आवाज बसलाय वाटतं. हसले सगळे.

तेवढ्यात युनियनचा सेक्रेटरी सहज म्हणाला, डॉक्टर हल्ली ओळख दाखवत नाहीत, परवा मागून दोनदा हाक मारली तर वळलेसुद्धा नाहीत. त्यावर दुकानदार म्हणाला, हो की, परवा माझ्याकडेही असंच – आणि थांबून आठवायला लागला.

त्याला आठवू द्यायचं नव्हतं.

मी म्हणाले, "आम्ही कुठे जात नाही. पार्क येतंय."

कुणी हसलं नाही. दुकानदाराच्या हातातलं माप तसंच वर राहिलं. सेक्रेटरीने हळूच विचारलं, "बाई, नक्की?"

"नक्की."

डॉक्टरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आयुष्यात इतकं लहान भाषण केलं नव्हतं. आणि एवढं पटलेलंही एकही नाही.

रविवार, ३० मार्च

शिवणवालीने पोती सोडली. मशीन परत खिडकीत मांडलं. बहिणीला नाही म्हणून कळवलं. पोर शेजारी बसून बटणं लावत होती. मी दारात उभी राहिले. शिवणवालीच बोलली –

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, बाई, तर मी विश्वास ठेवला नसता."