उतारावरच्या खोक्याला मिळालेल्या शून्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
मध्यवर्ती भांडार.

विषय : मुकादम पदाच्या परीक्षेतील प्रश्न क्र. ४ ला मिळालेल्या शून्य गुणांबाबत.

संदर्भ : १) सदर प्रश्नपत्रिका. २) माझ्या थोरल्या भावाच्या अपघाताचा चौकशी अहवाल.

महोदय,

१. मी आपल्या भांडारात अठरा वर्षे हमाल आहे. हा अर्ज मी समक्ष देत आहे, कारण आधीचे दोन अर्ज आवक लिपिकाच्या टेबलापर्यंत पोचले आणि तिथून गडप झाले. लिपिक म्हणतात, "वर गेलेत." त्यांच्या वर फक्त गच्ची आहे. मी जाऊन पाहिली.

२. प्रश्न क्र. ४ असा : वीस अंशांच्या उतारावर चाळीस किलोचा खोका ठेवला आहे. घर्षणांक ०.३. खोका घसरेल काय? मी "घसरणार नाही" असे लिहिले. पाचपैकी शून्य मिळाले आणि दोन गुणांनी माझे मुकादमपद हुकले.

३. प्रश्न वाचतानाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. हेच तीन आकडे भावाच्या अहवालात आहेत. गोदामामागच्या उतारावरून खोका खाली आला आणि त्याच्या पायाचा चुरा झाला. अहवाल म्हणतो, "असा खोका आपोआप घसरणे अशक्य. सबब हमालाने तो निष्काळजीपणे ओढला असावा." भावाचे काम गेले. तो अजून सांगतो, "मी हातसुद्धा लावला नव्हता रे, खाली नळावर डबा धूत होतो." वहिनीने तो अहवाल माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतला आहे की तो मला तोंडपाठ आहे. परीक्षेत मी तेच उत्तर लिहिले. कार्यालयाचेच उत्तर कार्यालय चूक ठरवणार नाही, असा माझा भाबडा समज.

४. नंतर फलकावर नमुना उत्तर लागले. वजन खोक्याला उतारावरून खाली ओढते १३७ न्यूटनने. घर्षण अडवते जास्तीत जास्त ११३ ने. उरले चोवीस, म्हणून खोका घसरेल. माझी मुलगी अकरावीत आहे, तिच्याकडून हे गणित तीनदा करून घेतले. दर वेळी चोवीसच उरले. नमुना उत्तराखाली सही सुरक्षा निरीक्षकांची आहे. अहवालाखालीही त्यांचीच, तशीच लांब शेपटीची.

५. अपघातानंतर आठवड्याभरात त्या उतारावर काळ्या खरखरीत पट्ट्या चिकटवल्या गेल्या. खोका घसरतच नव्हता, तर पट्ट्या कशाला? निरीक्षकांना विचारले, तर "दिसायला बऱ्या" म्हणाले. तेव्हापासून मी दिसलो की ते मागच्या दाराने जातात. आतापर्यंत अकरा वेळा. तारखा माझ्याकडे आहेत.

६. आधी मी पाच गुण मागणार होतो. तसा अर्ज लिहूनही झाला होता. पण गुण दिले, तर खोका घसरत नाही असे ठरेल, आणि भाऊ दोषीच राहील. मुकादमपद मला फार हवे होते, गुडघ्यांनी आता हात टेकले आहेत. तरीही विनंती, की माझे शून्य कायम ठेवावे आणि माझे उत्तर चूक असल्याचे सही-शिक्क्यासह लेखी द्यावे. तो कागद मी भावाच्या हातात देईन.

पोच मिळेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलेला,
आपला नम्र,
(सही)
हमाल, गोदाम क्र. २
दि. १४ मार्च

सोबत : १) प्रश्नपत्रिका. २) नमुना उत्तराची नक्कल. ३) चौकशी अहवालाची झेरॉक्स. मूळ प्रत वहिनीकडे कुलपात आहे, मागू नये.