खाडीपुलावरची हातोडी

बाबा, काल नायगावच्या बंदरावर बराच वेळ उभी होते. तुझा जुना पूल अजून आहे. रेल्वेगाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात, याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. इंग्रजांनी तो बांधला तेव्हा आपल्या पणज्याने पडावात, आपल्या मालवाहू होडीत, भरून दगड आणले, हे तू इतक्यांदा सांगायचास की मला तो आपल्या घरचाच वाटे. शाळेत तसं बोलून बसले आणि मुलींनी वर्षभर चिडवलं. तू मात्र खूश. "खोटं काय बोलली? आपलाच हाय तो."

पुलाची देखभाल करणाऱ्या खलाशांच्या टोळीत तू हयात घालवलीस. मी डबा घेऊन पहिल्या गाळ्यापर्यंत, पहिल्या दोन खांबांमधल्या भागापर्यंत, यायची. तू पुलाचे पत्रे जोडणाऱ्या लोखंडी रिबिटाच्या एका टोकावर हातोडी मारतोस, दुसऱ्या टोकाला बोट लावतोस, डोळे मिटतोस. "कानाचा भरोसा नाय, पोरी. वाऱ्यात समदंच वाजतं. बोटाला हादरा लागला तं ढिला." घरी गेल्यावर आई विचारायची, "काय म्हनते माझी सवत?" आणि आम्ही दोघी हसायचो. किती छान हसायची ती.

नवा पूल झाला, तू निवृत्त झालास, तरी रविवारी हातोडी घेऊन निघायचासच. आई गेल्यावर तर जास्तच. मग छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलंस आणि मी तुला बोळिंजच्या फ्लॅटवर आणलं. पाऊस सरला तसा तू मागे लागलास, "लोखंडानं पानी खाल्लं असंल. मधला गाळा बघून ये. येवढंच कर." मी हातोडी पिशवीत घालून निघाले. नायगावला आत्याकडे भाकरी-सुकट खाल्ली, दुपारी तिथेच लवंडले आणि संध्याकाळी परत आले. तू उशीला टेकून वाट बघत होतास.

"कसं हाय?"

"सगळं पक्कं आहे, बाबा. आवाज कसा खणखणीत येतो!"

तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "दमली असशील. जेव जा." त्यानंतर पुलाचं नाव काढलं नाहीस, आणि दिवाळीच्या आतच गेलास.

तुझ्या तेराव्यानंतर भांडी घासता घासता माझ्या लक्षात आलं, मी आवाज म्हणाले होते. तुला त्याच क्षणी कळलं असणार. तू रागावला असतास तर बरं झालं असतं, मीही भांडले असते.

कारण मी आळसाने टाळलं नव्हतं. आई शेवटच्या तापात तुला हाका मारत होती तेव्हा तू मधल्या गाळ्यावर होतास. निरोप पाठवला, तर "येवढं संपवून येतो" म्हणालास. ती गेली तरी तुझं काम संपलं नव्हतं. हा कागद कुठे धाडायचा नाही म्हणून लिहिते, बाबा: तू मला बघायला पाठवलंस त्या दिवशी तो पूल पडला असता तर मला आनंद झाला असता.